पेठेची शपथ घेऊन बंगळूरला

कोल्हापूर

बंगळूरहून आलेला माणूस तिथल्या बागांचं, गारव्याचं आणि रुंद रस्त्यांचं वर्णन करतो. मला ते जमायचं नाही. बाग मी टांग्यातून जाता जाता पाहिली तेवढीच. बाकी सगळा वेळ मी दोन माणसांच्या पायांकडे बघत होतो आणि मनातल्या मनात दोघांना शिव्या घालत होतो. पण परत आल्यापासून जो तो विचारतोय, "बापू, तिकडं नेमकं झालं काय?" प्रत्येकाला पेढीवर बसवून, चहा पाजून सांगायचं म्हटलं तर माझा धंदा बसेल. म्हणून एकदाच लिहून मोकळा होतो.

मी शाहूपुरीतला गुळाचा अडत्या. तो पोटाचा उद्योग. दुसरा उद्योग निव्वळ हौसेचा, आणि त्यात आजवर शिव्यांखेरीज काही पदरात पडलेलं नाही. फुटबॉलच्या सामन्यात मी पंच असतो. पोट सुटलेला जैन गृहस्थ अर्ध्या चड्डीत शिट्टी घेऊन पळताना बघून आमच्या घरात सगळ्यांना लाज वाटते. वाटू दे.

बाहेरगावच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्या गावात फुटबॉलचा संघ हा शाळेचा किंवा गिरणीचा नसतो. तो पेठेच्या तालमीचा असतो. ज्या तालमीत पोरं लाल मातीत कुस्ती खेळतात, त्याच तालमीच्या नावानं संध्याकाळी फुटबॉल खेळतात. वस्ताद तोच, मारुती तोच, आणि ईर्षाही तीच. पेठांची नावं मी लिहिणार नाही, मला याच गावात रोज दुकान उघडायचं आहे. वरची पेठ आणि खालची पेठ म्हणतो. कोल्हापूरकरांना कळायचं ते कळेल.

गेल्या हंगामात या दोन पेठांची फायनल होती. वरच्या पेठेचा सदू चेंडू घेऊन सुसाट निघाला, खालच्या पेठेचा हिंदुराव आडवा आला आणि सदूच्या नडगीचं हाड मोडलं. मी जवळच होतो. तो आवाज मी कधी विसरायचो नाही. मी फाउल दिला. फाउल दिला म्हणून खालच्या पेठेनं माझ्यावर दगड टाकले, आणि हिंदुरावला बाहेर काढला नाही म्हणून वरच्या पेठेनं टाकले. अहो, चेंडूवरच घातला होता त्यानं पाय! पण ऐकतो कोण.

सदू त्या दिवसापासून कुबडीवर आहे. त्याचा धाकटा भाऊ दत्तू, वरच्या पेठेचा लेफ्ट-इन म्हणजे डावीकडचा आतला गडी, गावातला सगळ्यात हुशार खेळाडू. सदूला घरी आणलं त्याच दिवशी वरच्या पेठेच्या वस्तादानं सगळ्या संघाला मारुतीपुढं उभं केलं आणि एकेकाकडून बेल-भंडारा उचलून घेतला. बेलाचं पान आणि भंडारा हातात धरून देवासमोर बोललेला शब्द आमच्याकडे कोर्टातल्या शपथेपेक्षा जड. शब्द असा होता, की आमच्या पायातला चेंडू खालच्या पेठेच्या माणसाला आम्ही कधी देणार नाही. यात हसण्यासारखं आहे हे मलाही दिसत होतं. दुसऱ्या संघाला चेंडू द्यायचा प्रश्न येतोच कुठं?

तो प्रश्न आला. आशियातल्या मोठ्या स्पर्धेत आपल्या देशाला थेट जागा नव्हती. आपली गणती खालच्या देशांत. आपण, ब्रह्मदेश, सिलोन आणि अफगाणिस्तान, अशा चौघांनी आधी रंगूनला आपसात खेळायचं आणि त्यातल्या एकानंच पुढं जायचं, असं ठरलं होतं. त्या संघाची निवड बंगळूरला होती. बोलावणं आलं ते आमच्या गावातल्या दोघांना. लेफ्ट-इन दत्तू, आणि लेफ्ट-आउट, म्हणजे त्याच बाजूचा कडेचा गडी, हिंदुराव.

आता यांना घेऊन जाणार कोण? वरच्या पेठेचा माणूस खालच्या पेठेला चालेना, खालचा वरच्यांना चालेना. दोन्ही पेठांनी ज्याच्यावर सारखेच दगड टाकले होते असा गावात एकच माणूस होता.

स्टेशनवर दोन्ही पेठा दोन टोकांना उभ्या होत्या. वस्ताद दत्तूजवळ आला. म्हातारा ताठ, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. त्यानं ना आशीर्वाद दिला, ना पाठीवर हात ठेवला.

"निवड हू दे न्हायतर न हू दे," तो म्हणाला. "शपथ ध्यानात हाय न्हवं?"

"हाय, वस्ताद," दत्तू म्हणाला.

मी तिथंच ओळखलं, की हा प्रवास सुखाचा होणार नाही.

मिरज ते लोंढा

मिरजेला गाडी बदलली आणि आम्ही तिघं एका डब्यात समोरासमोर बसलो. दत्तू बारीक, काळासावळा, लेथवर काम करणारा, हातांना कायम तेलाचा वास. हिंदुराव थोराड. त्याच्या घरी म्हशी, रोज दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकापुढं धार काढून दूध घालायचं, तेव्हा मनगट म्हणजे मुसळ. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"बापू, त्याला म्हणावं पाय आवर," दत्तू म्हणाला.

"बापू, त्याला सांगा, पाय माझा हाय. मी कुठं बी ठेवीन," हिंदुराव म्हणाला.

हातभर अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि मी मध्ये दुभाषा! घटप्रभा गेलं, बेळगाव आलं, तरी हा कारभार चालूच. खिडकी उघडायची तर "बापू, त्याला इचारा." पाणी हवं तर "बापू, तांब्या त्याच्याकडं हाय." शेवटी माझं डोकं उठलं. मी म्हटलं, "मी आता झोपतो. तुम्ही एकमेकांना तार करा."

जेवणाचा तोच प्रकार. दत्तूच्या आईनं भाकरी आणि सुकं मटण दिलं होतं. फडकं सोडताच डब्यातल्या लोकांच्या माना वळल्या, आणि मी मात्र खिडकीबाहेर तोंड काढून बसलो. हिंदुरावकडं दही, खर्डा आणि घरचे पेढे. माझ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवस मावळायच्या आत संपवायची होती. तीन माणसं तीन बाजूंना तोंडं करून जेवत होती. आमच्यात तर परक्या पावण्यालाही "या, बसा जेवायला" म्हटल्याशिवाय घास उतरत नाही! हिंदुरावनं मला पेढा दिला. दुसरा हातात धरून तो थांबला, दत्तूकडं बघितलं, आणि पेढा परत डब्यात ठेवला. 

लोंढ्याला गाडी बराच वेळ थांबते. तिथं झाडी दाट, हवा ओली, आणि चहा बरा मिळतो. आम्ही खाली उतरलो. बेळगावात आमच्या डब्यात चढलेला एक गप्पिष्ट गृहस्थ मागोमाग आला.

"पावणं, कुठवर?" त्यानं दत्तूला विचारलं.

"बंगळूर. फुटबॉल खेळायला."

"आणि हे पण? मग तुम्ही भाऊ भाऊ काय?"

झालं! दत्तूच्या हातातला चहाचा पेला खाली पडला. "माझा भाऊ घरात कुबडी घेऊन बसलाय," तो म्हणाला, "ह्येच्यामुळं!" आणि त्यानं हिंदुरावच्या सदऱ्याला हात घातला. हिंदुरावनं नुसतं त्याचं मनगट धरलं. दत्तूचा चेहरा वेदनेनं वाकडा झाला.  मनगट मोडलं तर मी त्या माऊलीला तोंड कसं दाखवू?

मग मी अंगवळणी पडलेली गोष्ट केली. खिशातली शिट्टी काढली आणि छातीतला सगळा वारा घालून फुंकली.

दोघं एका क्षणात बाजूला झाले. हात पाठीमागं, मान खाली, अगदी मैदानावर उभे राहतात तसे. पण शिट्टी त्यांनी एकट्यांनीच ऐकली नव्हती. गाडी सुटली असं समजून फलाटावरची माणसं पेले टाकून पळायला लागली. एका बाईनं पोराला खिडकीतून आत ढकललं. इंजिनानंही भोंगा दिला. हिरवं निशाण काखेत मारून गार्ड धावत आला आणि मला कानडीत जे काही बोलला, ते शब्द कळले नाहीत तरी अर्थ पुरेपूर कळला. मी हात जोडले, गळ्याला हात लावून शपथ घेतली, तेव्हा तो गेला.

डब्यात बसल्यावर हिंदुराव खुदकन हसला. दत्तूच्याही ओठाचा कोपरा हलला. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण कुणाबरोबर हसतोय, आणि त्यानं तोंड फिरवलं. हुबळी, हावेरी, हरिहरचा तुंगभद्रेवरचा मोठा पूल, सगळं मागं गेलं, पण पुन्हा कुणी हसलं नाही.

बंगळूर

बंगळूरची हवा आमच्या पन्हाळ्यासारखी. उन्हात उभं राहिलं तरी घाम येत नाही. माणसं हळू बोलतात. टांगेवाला भाडं सांगतो तेसुद्धा कानात गुपित सांगितल्यासारखं. कोल्हापुरात आम्ही शेजाऱ्याची चौकशी करतो ती पलीकडच्या गल्लीला ऐकू जाते. इथं मी हॉटेलात कॉफी मागवली तर बसलेले सगळे वळून बघायला लागले. कॉफी मात्र फक्कड. पितळी पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात अशी हातभर उंचावरून ओततात, थेंब सांडत नाही.

जेवणानं मात्र माझ्या पैलवानांचे हाल झाले. केळीच्या पानावर भाताचा ढीग, त्यावर सार. ते संपलं की परत भात, त्यावर ताक. आमच्याकडं भात म्हणजे भाकरी झाल्यावर तोंड पुसायला. इथं सुरुवात भात, मध्ये भात, शेवट भात.

"हितं भाकरी न्हाय मिळत व्हय?" हिंदुराव पानाकडं बघत म्हणाला.

"बापू, त्याला सांगा, न्हाय मिळत," दत्तू म्हणाला. "मी सगळ्या गल्ल्या बघून आलोय."

दुःख एकच होतं, पण तेही माझ्यामार्फत.

निवड करणारे एक निवृत्त कर्नलसाहेब होते. कुर्गी, उंच, काखेत वेताची छडी. हिंदी बोलायचे ती माझ्याहून मोडकी, त्यामुळं आमचं छान जमलं. दोघांना चेंडूबरोबर पळवून त्यांनी बघितलं आणि खूश होऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "एकाच गावचे आहेत ना? मग मी यांना एकाच बाजूला शेजारी शेजारी खेळवतो. सांगावं लागणार नाही, एकमेकांचं मन यांना कळत असेल."

 कळतं साहेब, फार चांगलं कळतं, तेच तर दुखणं आहे! पण साहेबांपुढं मी नुसती मान डोलावली. मला वेडी आशा होती, की देशाचा शर्ट अंगात आल्यावर पोरगं विसरेल.

पोरगं विसरलं नाही. पहिल्या चाचणीच्या सामन्यात दत्तूनं चेंडू घेतला की बघत राहावं असा खेळ. एकाला चकवला, दुसऱ्याला चकवला, आणि डावीकडं हिंदुराव एकटा मोकळा उभा. चेंडू नुसता ढकलायचा! दत्तू उजवीकडं वळायचा आणि गर्दीत घुसून चेंडू घालवायचा. पुन्हा तेच. हिंदुराव रेषेवरून वर धावायचा, खाली यायचा, परत वर धावायचा. एकदाही त्यानं हात वर करून चेंडू मागितला नाही. मी बाहेर बसून दातओठ खात होतो. पेठेच्या सामन्यात असतो तर शिट्टी तरी वाजवली असती.

तिथले प्रेक्षक मोठे गमतीचे. कुठल्याही बाजूनं चांगला खेळ केला की टाळ्या! मला आधी वाटलं, यांना कोण कुठला ते कळत नसावं. पंचाला एकही शिवी नाही. पहिल्यांदा मला त्या पंचाचा हेवा वाटला. थोड्या वेळानं कीव आली, कारण तो तिथं आहे याची कुणी दखलच घेत नव्हतं.

सामन्यानंतर कर्नलसाहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. "तुमचे हे दोघे," ते म्हणाले, "एकमेकांना ओळखतात ना?"

मग मी सगळं सांगितलं. तालीम, फायनल, सदूचा पाय, बेल-भंडारा. भंडारा हिंदीत कसा सांगायचा ते सुचेना. हळद हातात घेऊन देवासमोर शब्द दिलाय, असं म्हणालो. मला वाटलं साहेब हसतील. ते हसले नाहीत.

"मी हा शब्द मोडायला सांगणार नाही," ते म्हणाले. "तो त्याचा आणि त्याच्या देवाचा व्यवहार. पण रंगूनला पहिला सामना हरलो तर आपण घरी. आपल्याला कुणी मोठ्या स्पर्धेत बोलावत नाही, दारातून आत जायला ही एवढीच फट आहे. अजून एक चाचणी आहे. हे दोघे तिथंच खेळतील, शेजारी शेजारी. मग मी काय ते ठरवीन."

मी तडक तार ऑफिस गाठलं. शपथ घालणाराच ती सोडवू शकतो, अशी आमच्याकडं समजूत. वस्तादाला कळवलं, दत्तूला शपथेतून मोकळा करा, गावाच्या इज्जतीचा सवाल आहे. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "शपथ देवाची. मला विचारू नका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा! शपथ घालताना देवाला विचारलं होतंस काय? पण तार दत्तूला दाखवणं भाग होतं. त्यानं ती वाचली, घडी केली आणि मला परत दिली.

"बापू, तुम्ही कशाला इचारलं?" तो म्हणाला. "आता तर सुटायची वाटच ऱ्हायली न्हाय."

शेवटची चाचणी

त्या दिवशी सकाळी मैदानाच्या कडेला दत्तू बुटाची नाडी बांधत बसला होता. मी शेजारी. हिंदुराव आला आणि समोर उभा राहिला. "बापू, त्याला सांगा" असं तो म्हणाला नाही.

"दत्तू," तो म्हणाला.

दत्तू नाडीची गाठ मारत राहिला.

"मी सायबाला जाऊन सांगतो, मला बसवा म्हणून. माझ्या जागी दुसरा कोण बी येऊ दे. त्याला दे की बॉल. तुझी शपथ बी ऱ्हाईल आन् निवड बी हुईल."

दत्तू ताडकन उठला. "तुझ्या मेहरबानीवर खेळू व्हय मी?"

"मेहरबानी न्हाय, मर्दा," हिंदुरावचा आवाज फाटला. "तुझ्या भावाच्या पायाचा आवाज ऐकलाय मी. अजून धार काढताना कुठं काटकी मोडली तरी हात थरथरतोय माझा. म्हस लाथ मारती. मी मुद्दाम न्हाय केलं. घरला येऊन सांगणार हुतो, पन तुमच्या गल्लीत पाय ठिवायची सोय ऱ्हायली न्हवती."

 दत्तूचे डोळे लाल झाले होते. मारतोय की रडतोय, काही अंदाज येईना.

"जाऊ नको सायबाकडं," एवढंच तो म्हणाला आणि मैदानात गेला.

सामना सुरू झाला, आणि पहिला अर्धा भाग पुन्हा तसाच! समोरच्या संघात हैदराबाद आणि कलकत्त्याचे नावाजलेले गडी होते. त्यांना आता कळून चुकलं होतं की हा पोरगा डावीकडं चेंडू देत नाही. दोघं दोघं त्याच्यावर तुटून पडायचे. एक गोल त्यांनी चढवला. एक आमच्याकडल्या पुढच्या गड्यानं फेडला. कर्नलसाहेब छडी मांडीवर आपटत होते.  देवाचं नाव घ्यावं तर कुठल्या तोंडानं? देवाचीच तर शपथ होती!

मग ते झालं. दत्तू मधून चेंडू घेऊन निघाला, एकाला खांद्यानं हुलकावणी दिली, आणि समोर दोघं भिंतीसारखे उभे राहिले. डावीकडं हिंदुराव. गोलात एकटा राखणदार. लोक उठून उभे राहिले. "कोडू! कोडू!" असा गलका झाला. कोडू म्हणजे दे. कानडीत इतकं मलाही कळत होतं. मीही ओरडलो, "दे की, मर्दा!"

दत्तूनं चेंडूवर पाय ठेवला. अगदी क्षणभर. भर सामन्यात चेंडू असा थांबवणं म्हणजे वेडेपणा. त्याचा हात गळ्यातल्या मारुतीच्या काळ्या दोऱ्याकडं गेला. मला वाटलं, संपलं, आता उजवीकडं वळणार.

त्यानं डाव्या पायानं चेंडू दिला. दोघांच्या मधून, हिंदुरावच्या धावण्याच्या पुढं. हिंदुरावनं तो थांबवलासुद्धा नाही. आला तसा मारला. जाळं हललं.

सगळं मैदान नाचत होतं. हिंदुराव नाचला नाही. तो दत्तूकडं बघत उभा राहिला. दत्तू गुडघ्यावर बसला होता. दोन्ही हातांनी कान धरले, मग स्वतःच्या गालांत मारून घेतल्या, एकदा या बाजूला, एकदा त्या. बंगळूरकरांना वाटलं ही कोल्हापूरची आनंद करायची पद्धत असेल. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी तोंड झाकून रडलो. मला कशाचीही लाज वाटली नाही.

त्यानंतर सामना संपेपर्यंत त्या दोघांनी जो खेळ केला, तसा मी उभ्या जन्मात बघितला नाही. चेंडू याच्याकडून त्याच्याकडं, त्याच्याकडून याच्याकडं. सात-आठ महिन्यांचं साचलेलं सगळं अर्ध्या तासात बाहेर पडलं. आमचा संघ जिंकला.

संध्याकाळी नावं जाहीर झाली. हिंदुराव संघात होता. दत्तू नव्हता.

मी कर्नलसाहेबांच्या व्हरांड्यात जवळजवळ घुसलोच. ते माझी वाट बघत असावेत. "तुमचा मुलगा त्याच्या जागी घेतलेल्या हैदराबादच्या मुलापेक्षा सरस आहे," ते म्हणाले. "पण एक चेंडू द्यायला त्याला दीड सामना लागला. रंगूनला माझ्याकडं दीड सामना नाही." मला भांडायचं होतं. भांडायला जागा नव्हती. पंच म्हणून मीही हाच निकाल दिला असता, आणि म्हणूनच जास्त राग आला.

हिंदुरावला तिथंच सरावासाठी राहायचं होतं. तो आम्हाला पोचवायला स्टेशनवर आला. गाडीच्या खिडकीशी उभा राहून नुसता गज धरून होता.

"दत्तू, मी काय बोलू?" तो म्हणाला.

"काय बोलू नको," दत्तू म्हणाला. "रंगूनला जिंकून ये. न्हायतर मी शपथ फुकट मोडली म्हणायची."

गाडी हलली तेव्हा हिंदुरावनं पेढ्याचा डबा खिडकीतून आत दिला. दत्तूनं घेतला. अरसीकेरीच्या पुढं कधीतरी त्यानं एक पेढा खाल्ला.  

पुन्हा कोल्हापूर

कोल्हापूरच्या फलाटावर हलगी वाजत होती. खालची पेठ गुलाल घेऊन आली होती, आपला गडी संघात गेल्याची बातमी त्यांना कुठून तरी लागली होती. तो मागंच राहिलाय हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या टोकाला वरची पेठ, पुढं वस्ताद, आणि त्याच्या बाजूला कुबडीवर सदू.

आम्ही दोघंच उतरलो. हलगी थांबली. मी ओरडून सांगितलं, "हिंदुराव बंगळूरलाच आहे! संघात गेला! गोल त्याचा!"

खालच्या पेठेनं "चांगभलं" म्हणून आरोळी ठोकली. त्यांच्यातला एकजण भाबडेपणानं विचारता झाला, "आन् पास कुणाचा, बापू?"

 मी दत्तूकडं बघितलं.

"माझा," दत्तू म्हणाला.

वस्ताद दोन पावलं पुढं आला. "तुझी निवड झाली?"

"न्हाय."

"आन् शपथ मोडलीस?"

"व्हय, वस्ताद."

"पेठेचा शर्ट आता तुला न्हाय," वस्ताद म्हणाला आणि पाठ फिरवली. त्याच्यामागं पोरांनीही पाठी फिरवल्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, या पोरानं देव घालवला, देश घालवला, आता पेठही घालवायची काय? त्यात खालच्या पेठेचा म्होरक्या गुलालाची परात घेऊन दत्तूकडं निघाला. पाठ फिरवलेली पोरं गर्रकन वळली. आता इथं डोकी फुटणार, असं मला स्पष्ट दिसलं.

सदूनं कुबडी आडवी धरली. "गुलाल खाली ठेवा, पावणं," तो म्हणाला. "कोण बी पुढं यायचं न्हाय." मग तो फलाटावरच्या एका पोत्यावर टेकला आणि मोडका पाय लांब केला. दत्तू त्याच्यापुढं उभा होता, मान खाली घालून.

"दादा, तुझ्या पायासाठी उचलला हुता भंडारा," तो म्हणाला. 

"ते ऱ्हाऊ दे," सदू म्हणाला. "गोल कसा झाला ते सांग."

दत्तूनं मान वर केली.

"सांग की! माझ्या पायात बळ न्हाय, कानात हाय." सदूनं डोक्यावरची टोपी काढली, तिचा गोळा केला आणि दत्तूच्या पायाशी टाकला. "हां. हा बॉल. म्होरं किती जण?"

दत्तू सांगू लागला. आधी अडखळत, मग भरभर. ही बॅग म्हणजे एक गडी, हा खांब म्हणजे दुसरा, बापू तुम्ही हितं उभं ऱ्हावा, तुम्ही गोलकीपर. मी उभा राहिलो. खालच्या पेठेची माणसं जवळ सरकली. वरच्या पेठेची पोरंही सरकली. दत्तूनं टोपी पायानं ढकलत नेली, खांद्यानं हुलकावणी दिली, टोपीवर पाय ठेवला आणि दोघांच्या मधून ती सारली.

वस्ताद गेलेला नव्हता. दाराशी पाठमोराच उभा होता.

"डाव्या पायानं दिलास का उजव्या?" त्यानं न वळता विचारलं.

"डाव्या, वस्ताद."

म्हातारा वळला. गर्दीतून वाट काढत आला, वाकून टोपी उचलली आणि दत्तूच्या पायाशी पुन्हा ठेवली.

"परत दाखव," तो म्हणाला.